शिरा शिरते, धमनी धाडते: मुलांसाठी लक्षात ठेवण्याच्या युक्त्या कशा रचायच्या

हृदयातून रक्त बाहेर नेते ती धमनी आणि हृदयाकडे परत आणते ती शिरा. हे वाक्य वीस वेळा घोकलेलं मूलही उत्तरपत्रिकेत नेमकं उलट लिहून येतं. मुलाचा अभ्यास कमी पडला असं यात नसतं. ‘धमनी’ या शब्दाकडे पाहून बाहेर की आत, याची कसलीच खूण मिळत नाही, एवढंच. आता म्हणा: धमनी धाडते, शिरा शिरते. धमनी रक्त धाडते, शिरेतलं रक्त हृदयात शिरतं. उत्तर शब्दाच्या आवाजातच येऊन बसलं.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध’ अशी खूणही बरेच जण शिकवतात. ती फुफ्फुसाशी येऊन फसते, कारण फुफ्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलंच रक्त असतं. दिशेची खूण मात्र कुठेच खोटी ठरत नाही. युक्ती रचताना ज्या गुणाला अपवाद नाही तोच पकडायचा. मूल युक्तीवर डोळे मिटून विश्वास ठेवतं, त्यामुळे युक्तीतली चूक धड्यातल्या चुकीपेक्षा जास्त चिवट असते.

कुठे युक्ती, कुठे नको

प्रत्येक माहितीसमोर आधी एक प्रश्न ठेवा: हे असंच का? मुलाला कळेल असं उत्तर असेल तर ते समजावून सांगा आणि युक्तीचा नाद सोडा. दिवस-रात्र का होतात, भागाकारात बाकी भाजकापेक्षा लहानच का असते, बर्फ पाण्यावर का तरंगतो, या गोष्टी समजून घेण्याच्या आहेत. त्यांच्यासाठी यमक जुळवलं तर मूल यमक म्हणतं आणि विचार करायचा थांबतं.

उत्तर ‘तसं ठरलंय म्हणून’ असं असेल, तर तिथे युक्तीला जागा आहे. ग्रहांची नावं आणि क्रम, महिन्यांचे दिवस, राजधान्या, सनावळ्या, वातावरणाचे थर, आणि जोडीने येऊन गोंधळ घालणारे शब्द ही सगळी त्याच जातीची माहिती.

मधला एक गट सहज विसरला जातो. काही शब्द स्वतःच उत्तर सांगतात, फक्त ते उलगडावे लागतात. अंतर्वक्र म्हणजे आत वळलेला, बहिर्वक्र म्हणजे बाहेर फुगलेला. ऊर्ध्वमुखी म्हणजे वर तोंड, अधोमुखी म्हणजे खाली तोंड. अशा ठिकाणी नवी युक्ती रचणं म्हणजे दार उघडं असताना खिडकीतून शिरणं. शब्द फोडून दाखवा, पुढे जा.

आद्याक्षरं: तानापिहिनिपाजा आणि तिची खोट

तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंद्रधनुष्याच्या सात रंगांची ही साखळी बहुतेकांना पाठ असते. हीच साखळी मुलाला विचारा आणि ‘पा’ आला की थांबा. बरीच मुलं ‘पांढरा’ म्हणतात, काही ‘पोपटी’ म्हणतात. कारण ‘पारवा’ हा रंग त्यांनी कधी ऐकलेला किंवा पाहिलेला नसतो.

आद्याक्षर डोक्यात नसलेलं नाव निर्माण करू शकत नाही, असलेलं नाव फक्त वर ओढून काढतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी सातही नावं सुटी ओळखू येऊ द्या. रंगाचा कागद दाखवला की नाव आणि नाव ऐकलं की कागद, असं दोन्ही बाजूंनी. एकही अडखळा न होता हे जमलं की मगच साखळी द्या. पाठ्यपुस्तकात तांबड्याऐवजी ‘लाल’ किंवा पारव्याऐवजी दुसरं नाव असेल, तर साखळीही बदला. पुस्तकात एक आणि साखळीत दुसरं, हे लहान मुलाला झेपत नाही.

देवनागरीत आद्याक्षरांची युक्ती रोमन लिपीपेक्षा जास्त धारदार होते, याचा फायदा घ्या. आपलं अक्षर व्यंजन आणि स्वर दोन्ही घेऊन येतं. ‘शु’ आणि ‘श’ वेगळे राहतात, म्हणून शुक्र आणि शनी यांच्यात घोळ होत नाही. निव्वळ ‘श’ ‘श’ घेतलं असतं तर झाला असता. तेव्हा आद्याक्षर घेताना मात्रा कधीच सोडू नका.

ग्रहांसाठी अक्षरं अशी: बु, शु, पृ, मं, गु, श, यु, ने. यांचा उच्चारता येईल असा एक शब्द होत नाही, म्हणून वाक्य करायचं:

बुटक्या शुभमने पृथाच्या मंडपात, गुपचूप शंभर युद्धनौका नेल्या.

‘मंडपात’ नंतरचा स्वल्पविराम मुद्दाम आहे. तिथे श्वास घ्यायला सांगा. आधीचे चार ग्रह खडकाळ आणि लहान, नंतरचे चार महाकाय, आणि मधल्या श्वासाच्या जागी लघुग्रहांचा पट्टा. एका विरामात आणखी एक धडा बसला.

असं वाक्य रचायचं ते या क्रमाने:

१. नावं योग्य क्रमाने लिहा आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर मात्रेसकट बाजूला काढा.
२. दोन नावांचं पहिलं अक्षर तंतोतंत एकच येत असेल तर त्या दोघांसाठी दोन अक्षरं घ्या.
३. प्रत्येक अक्षरावर मुलालाच चार-चार शब्द सुचवू द्या. त्यातून कोणी काहीतरी करतंय असं वाक्य जुळवा. नुसती नामांची रांग टिकत नाही. कर्ता आणि क्रियापद असलं की शब्दांचा क्रम आपोआप बांधला जातो.
४. वाक्य झाल्यावर उलट चाचणी घ्या. वाक्य न दाखवता ‘मंडपात म्हणजे कोण?’ असं विचारा. शब्दावरून ग्रह निघाला नाही तर तो शब्द बदला.

वाक्यात ‘आणि’, ‘पण’, ‘मग’ असे भरतीचे शब्द शक्यतो येऊ देऊ नका. मूल त्यांचेही ग्रह शोधत बसतं.

आणि जुनी वाक्यं तपासून घ्या. नऊ ग्रहांची जी वाक्यं ऐकायला मिळतात ती २००६ च्या आधीची. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने प्लूटोला बटुग्रहांत घातलं.

जाता जाता एका साखळीचा उल्लेख करायलाच हवा, कारण अशी बांधणी क्वचितच जमते. वृत्तांचे आठ गण, म्हणजे लघू (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांचे तीन-तीनचे गट, लक्षात ठेवण्यासाठीची ‘यमाताराजभानसलगा’. ज्या गणाचं नाव हवं त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्या, लघू-गुरू आपोआप समोर येतात. य गण म्हणजे यमाता: लघू, गुरू, गुरू. र गण म्हणजे राजभा: गुरू, लघू, गुरू. न गण म्हणजे नसल: तिन्ही लघू. शेवटचा स गण ‘सलगा’ला संपतो. दहा अक्षरांत आठ नावं आणि त्या आठांची व्याख्याही. इथे मुलाने साखळी म्हणायची आणि बोट तीन-तीन अक्षरांवरून सरकवायचं. बोट फिरवल्याशिवाय नुसती म्हटली तर ती मंत्रासारखी पाठ होते आणि उपयोगाला येत नाही.

जोड्यांचा गोंधळ

अशा जोड्यांत दोन्ही नावं मुलाला येत असतात, कुठलं कोणाचं एवढंच निसटतं. म्हणून युक्ती एकाच बाजूची करा. अक्षांश आडवे: दोन्ही शब्द ‘अ-आ’ने सुरू होतात. झालं, रेखांश उरले ते उभे. रेखांशासाठी वेगळी खूण काढू नका. दोन खुणा दिल्या की मुलाला आता त्या खुणांत गोंधळ घालता येतो.

आम्ल कुठला लिटमस बदलतं? ‘आम्ल लाल’. दोन्हींत ‘ल’ आहे. आम्लाने निळा लिटमस लाल होतो, आम्लारीचं त्याच्या उलट.

‘धमनी धाडते, शिरा शिरते’ इथे मात्र दोन्ही बाजू दिल्या आहेत, कारण त्या एकाच चालीत म्हटल्या जातात आणि अदलाबदल करता येत नाही. ‘धमनी शिरते’ म्हणून पाहा, जीभच अडते.

नावाला नाव जोडणं: चित्राची रीत

देश आणि राजधानी, शास्त्रज्ञ आणि शोध, परका शब्द आणि त्याचा अर्थ अशा जोड्यांना आद्याक्षरं उपयोगी पडत नाहीत. इथे ओळखीच्या शब्दाचा पूल बांधायचा. परभाषेतले शब्द शिकण्यासाठी ही रीत अॅटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर पद्धतशीर तपासली.

कतारची राजधानी दोहा. माणसं कतार लावून उभी आहेत आणि प्रत्येक जण आपला नंबर आला की एक दोहा म्हणतोय. इथे मराठी कान आयतेच मदतीला येतात. दोन्ही शब्द ओळखीचे.

घानाची राजधानी आक्रा. घाण्याला अकरा बैल जुंपलेत आणि ते एकमेकांच्या पायांत अडकताहेत.

जपानची राजधानी टोकियो. कोणी जप करतंय आणि दुसरा सारखा टोकतोय. हा पूल थोडा ओढूनताणून आहे, पण चालतो.

पायऱ्या चार. पहिल्या नावासारखा ऐकू येणारा, डोळ्यांसमोर उभा राहील असा शब्द शोधा. दुसऱ्यासाठी तसाच शोधा. दोन्ही एकाच चित्रात आणा, आणि त्या दोघांना एकमेकांशी काहीतरी करायला लावा. मग मुलाला ते चित्र तीस सेकंदांत कागदावर काढू द्या, रेघोट्या असल्या तरी चालतील.

तिसऱ्या पायरीवर सगळं अवलंबून आहे. चित्र जितकं विचित्र तितकं चांगलं, असा सर्वसाधारण समज. वोलन, वेबर आणि लाउरी यांनी १९७२ मध्ये हे दोन घटक वेगळे करून पाहिले. ज्या चित्रांत दोन वस्तू एकमेकींत गुंतलेल्या होत्या ती लक्षात राहिली. नुसत्या विचित्रपणाने फारसा फरक पडला नाही. म्हणजे एका बाजूला घाणा आणि दुसऱ्या बाजूला अकरा रंगीत उडते बैल, हे चित्र कितीही गमतीदार असलं तरी कामाचं नाही. बैल घाण्याला जुंपलेले हवेत.

बिघाड होतो तो परतीच्या वाटेवर. मूल घाण्यापाशी येतं, बैल मोजतं आणि उत्तर लिहितं ‘अकरा’. पुलावरून जाऊन खरा शब्द विसरला. याला उपाय एकच. चित्र काढून झाल्यावर खरा शब्द तीनदा मोठ्याने म्हणून घ्यायचा, एकदा लिहून घ्यायचा, आणि ‘अकरासारखं, पण नेमकं कसं?’ असा प्रश्न पहिल्या दोन-तीन उजळणींत मुद्दाम विचारायचा.

दुसरा बिघाड: एकाच दिवशी दहा देश, दहा चित्रं. संध्याकाळपर्यंत बैल कतार लावून दोहे म्हणू लागतात. दिवसाला चार-पाच पुरे. ज्यांची चित्रं एकसारखी आहेत ती दोन वेगळ्या दिवशी.

अंगावर मांडलेला क्रम

घरातल्या ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट ठेवत जाण्याची रीत फार जुनी आहे. तिचं श्रेय परंपरेने ग्रीक कवी सिमोनिडीसला दिलं जातं. मोठ्यांना ती आवडते. लहानांसाठी घराऐवजी स्वतःचं अंग जास्त सोयीचं, कारण ते परीक्षेच्या खोलीतही बरोबर असतं.

वातावरणाचे थर खालून वर: तपांबर, स्थितांबर, मध्यांबर, आयनांबर, बाह्यांबर. मुलाला उभं करा. जमीन तापली म्हणून पाय तापले: तपांबर. गुडघे ताठ, स्थिर: स्थितांबर. कंबर शरीराच्या मध्यावर: मध्यांबर. तोंडापुढे आयना धरलाय: आयनांबर. हात डोक्याच्याही वर, अंगाबाहेर: बाह्यांबर. प्रत्येक ठिकाणी हात लावून म्हणायचं, खालून वर तीन वेळा, मग वरून खाली एकदा. तुमच्या पुस्तकात चौथ्या थराचं नाव दुसरं असेल तर आयना काढून तिथे त्या नावाला जुळणारी वस्तू द्या.

इथे वर-खाली हा क्रम अंगातही आहे आणि आकाशातही, म्हणून ही युक्ती पक्की बसते. ज्या माहितीला वर-खाली असं काही नाही तिच्यासाठी अंगाची उतरंड वापरली तर मुलाला नसलेलं काहीतरी शिकवलं जातं. पाचापेक्षा जास्त जागा पहिल्यांदा घेऊ नका. पाचांवर हात बसल्यावर सातापर्यंत जाता येतं.

आकडे

लांब आकडा आधी तोडा. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण चारच सुटे तुकडे डोक्यात धरता येतात, मुलाला त्याहून कमी. दहा अंकांचा क्रमांक सुटा सुटा म्हणण्यापेक्षा तीन-तीन-चार असा तोडला की तीनच तुकडे उरतात. म्हणताना प्रत्येक वेळी तोड त्याच जागी हवी. एकदा तीन-तीन-चार आणि एकदा पाच-पाच असं केलं तर कानाला तो नवाच आकडा वाटतो.

सनावळी आणि उंचीसाठी मात्र एक जुनं, भक्कम हत्यार आपल्या वर्णमालेत आहे: कटपयादि. प्रत्येक व्यंजनाला एक अंक.

१: क ट प य
२: ख ठ फ र
३: ग ड ब ल
४: घ ढ भ व
५: ङ ण म श
६: च त ष
७: छ थ स
८: ज द ह
९: झ ध
०: ञ न

काना-मात्रा-अनुस्वार मोजायचे नाहीत. जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं. ‘गोपीभाग्यमधुव्रात’ या श्लोकारंभात गो ३, पी १, भा ४, ग्य १, म ५, धु ९, व्रा २, त ६ असे पाय (π, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर) या संख्येचे पहिले आठ अंक दडलेले आहेत: ३१४१५९२६. परंपरेत बऱ्याचदा अंक उलटे, उजवीकडून वाचतात. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता रागांच्या नावांची पहिली दोन अक्षरं अशीच उलटी वाचून रागाचा क्रमांक काढतात. धीरशंकराभरण: धी ९, र २, म्हणून २९ वा. मुलांसाठी सरळ डावीकडूनच वाचा. उलटसुलट शिकवण्यात वेळ घालवण्यासारखं काही नाही.

सनांसाठी शतक वेगळं लक्षात ठेवायचं आणि शेवटच्या दोन अंकांचा शब्द करायचा, शब्दाची फक्त पहिली दोन अक्षरं मोजायची. पहिलं महायुद्ध सुरू १९१४: क १, व ४, कावळा. संपलं १९१८: प १, ह ८, पहाट. दुसरं महायुद्ध सुरू १९३९: ग ३, ध ९, गिधाड. संपलं १९४५: व ४, म ५, विमान. कावळा आला तेव्हा सुरू झालं, पहाट झाली तेव्हा संपलं. मग त्याहून मोठं युद्ध, म्हणून त्याहून मोठा पक्षी, आणि शेवटी विमान. फ्रेंच राज्यक्रांती १७८९: द ८, ध ९, दूध. क्रांती जिथून पेटली त्या बॅस्टिल तुरुंगाच्या तटावरून दूध वाहतंय असं काढू द्या.

उंचीसाठी सगळी अक्षरं मोजायची. एव्हरेस्टची २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८८४८.८६ मीटर. दादा वही, दात: दा ८, दा ८, व ४, ही ८, आणि दशांशचिन्हानंतर दा ८, त ६. शिखरावर पोचलेल्या दादाने वही दातात धरलीय, कारण दोन्ही हात दोराला.

ही रीत साधारण दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. तक्ता पाठ व्हायला आठवडा जातो, रोज दोन ओळी याप्रमाणे. चार-पाचच सनं पाठ करायची असतील तर एवढा खटाटोप करू नका. तीस-चाळीस आकडे असतील तर हा आठवडा सहज वसूल होतो. ‘ळ’ आणि सुटे स्वर पहिल्या दोन अक्षरांत येऊ देऊ नका, तिथे नियमांचे फाटे फुटतात.

हाताच्या दोन युक्त्या, नीट केल्या तर

महिन्यांचे दिवस मुठीवर मोजतात. उंचवटा ३१, खळगा कमी. अंगठा धरायचा नाही. तर्जनीच्या उंचवट्यावर जानेवारी, खळग्यात फेब्रुवारी, असं करत करंगळीच्या उंचवट्यावर जुलै येतो. चूक नेमकी इथेच होते. मूल मागे वळून करंगळीजवळच्या खळग्यात ऑगस्ट मोजतं आणि तिथून पुढचं सगळं चुकतं. ऑगस्टला पुन्हा तर्जनीच्या उंचवट्यावर यायचं. ‘जुलै-ऑगस्ट दोघेही उंच’ एवढं आधी म्हणून घेतलं की चूक थांबते. फेब्रुवारीचे २८ किंवा २९ वेगळे सांगावे लागतात, मूठ ते सांगत नाही.

नऊचा पाढा बोटांवर: दोन्ही पंजे समोर, ९ गुणिले ७ साठी डावीकडून सातवं बोट दुमडायचं. डावीकडे उरलेली सहा म्हणजे दशक, उजवीकडची तीन म्हणजे एकक: ६३. हे ९ × १० पर्यंतच चालतं. नऊ म्हणजे दहात एक कमी, म्हणून सात दहांतून सात वजा, हे कारणही याच बैठकीत दाखवा. ही युक्ती फार दिवस ठेवू नका. महिनाभरानेही मूल बोटंच दुमडत असेल तर पाढा बसलेला नाही.

उजळणी

२०१३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात वरच्या दर्जाला दोनच पद्धती बसल्या: स्वतःला प्रश्न विचारून आठवणं आणि अंतर ठेवून उजळणी करणं. शब्दांचे पूल आणि मनातली चित्रं खालच्या दर्जात गेली, पुन्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणंही तिथेच. युक्त्यांवर एवढं लिहून झाल्यावर हे सांगणं गैरसोयीचं आहे, पण ते खरं आहे. युक्ती पहिल्या दिवशी माहिती आत नेते. ती आत राहते की नाही हे पुढच्या महिन्यात किती वेळा, न बघता, आठवून काढली यावर ठरतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरांचे प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा मोठा भाग पहिल्याच तासांत आणि पहिल्याच दिवसात घडतो.

त्यासाठी जाड कागदाची तळहाताएवढी कार्डं आणि पाच कप्प्यांचा खोका पुरतो. पुढच्या बाजूला प्रश्न, मागे उत्तर, आणि मागेच कोपऱ्यात पेन्सिलीने युक्ती. युक्ती पुढच्या बाजूला कधीही लिहू नका. ती दिसली की आठवण्याचं काम मूल करतच नाही.

रोज पाच-सहा नवी कार्डं पहिल्या कप्प्यात. युक्ती शिकवल्यानंतर दहा मिनिटं दुसरं काहीतरी करून पहिली चाचणी घ्या. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्या कप्प्यात. सगळं मिळून दहा मिनिटांच्या वर नेऊ नका. कार्डं उरली तर उरू द्या, आणि दुसऱ्या दिवशी नवी घालू नका.

प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा. ‘कतारची राजधानी?’ आणि ‘दोहा कुठे?’ ही दोन वेगळी कार्डं आहेत. क्रमाच्या माहितीला मधूनच हात घाला. ‘शनीच्या आधी कोण?’ असं विचारल्यावर मूल बुटक्यापासून सुरुवात करत असेल, तर त्याला मधले टप्पे द्या: तिसरी पृथ्वी, पाचवा गुरू. मग तिथून मागेपुढे जाता येतं.

कार्ड तिसऱ्या कप्प्यात पोचलं की कोपऱ्यातली युक्ती खोडा. या वेळेपर्यंत उत्तर तीनेक सेकंदांत, मंडप-युद्धनौका न म्हणता यायला लागतं. युक्ती खोडल्यावर उत्तर अडलं, तर युक्ती तोंडी एकदा आठवून द्या आणि कार्ड मागे टाका, पुन्हा लिहू मात्र नका.

वयानुसार

सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मनातल्या मनात चित्र रचायला सांगू नका. बहुतेकांना ते जमत नाही, आणि ‘हो, दिसलं’ असं ते उगाच म्हणतात. त्यांना चाल, टाळी, हावभाव द्या आणि चित्र तुम्हीच काढून दाखवा. सात ते नऊ या वयात पूल तुम्ही सुचवा, चित्र मुलाने काढायचं. दहाच्या पुढे पूलही त्यानेच शोधायचा. मुलाने केलेली युक्ती मोठ्यांच्या नजरेला ओबडधोबड वाटली तरी ती बदलायला जाऊ नका. तपासायचं एवढंच, की तिच्यावरून उत्तर नेमकं निघतं का आणि त्यात चूक तर शिरलेली नाही ना. भीती वाटेल असं किंवा वर्गातल्या कोणाची चेष्टा करणारं चित्र असेल तेवढं बदलायला सांगा.

युक्ती मूळ माहितीपेक्षा लांब झाली तर टाकून द्या. तीन नावांसाठी बारा शब्दांचं वाक्य कोणी लक्षात ठेवायचं? आणि एखाद्या गोष्टीसाठी दोन वेगळ्या युक्त्या शोधूनही तिसऱ्या दिवशी कार्ड पहिल्याच कप्प्यात परत येत असेल, तर तिसरी युक्ती शोधू नका. ते कार्ड बाजूला ठेवा आणि नाव मुलाला मुळात नीट उच्चारता येतं का, ते पाहा. बहुतेक वेळा अडलेलं तिथेच असतं.